पट्टा मी धुतला

नाही, पण मला एक सांगा, गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं का हो? आमच्या भोईवाड्यात कोर्ट आहे, चालत पाच मिनिटांवर, कितीदा वाटतं तिथं जाऊन विचारून यावं की साहेब, एखाद्या बाईने तोंडच उघडलं नाही तर तिला कुठलं कलम लागतं... पण कोर्टात सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. आणि पहिल्यापासून सांगायचं तर मी ते गोष्टीसारखंच सांगणार, म्हणजे लाज जरा लांब बसते.

तर ऐका. भोईवाड्याच्या एका चाळीत दुसऱ्या माळ्यावर राहत होती एक कमलाबाई, तिचा एक मुलगा राजरत्न, एक सून प्रिती, आणि खाली कंपाउंडात त्यांची एक पांढरी गाडी. आता ही कमलाबाई कोण ते विचारू नका. तुमच्यासमोर बसून बोलतेय ती कोण तेही विचारू नका. कमलाबाई म्हणायचं आणि पुढे जायचं.

तर कमलाबाईचा गुडघा गेलेला. चाळीचा संडास गॅलरीच्या पार टोकाला, एकोणीस दारं ओलांडून, आणि ती काठी ठकठकवत निघाली की प्रत्येक दारातून चौकशी, "काय कमलाबाई, निघालात?" अगं बाई, हातात बादली आहे, मी काय मंत्रालयात निघालेय? राजरत्नला ते बघवेना. तो म्हणाला, आई, गाडी विकू आणि मोरी वाढवून घरातच संडास बांधू, परवानगी मिळतेय. गवंडी येऊन खडूने रेघासुद्धा मारून गेला. म्हणजे गाडी विकायची कुणासाठी? कमलाबाईसाठी. हे ध्यानात ठेवा, कारण तिला ते विसरता येत नाही.

आधी गेले माटुंग्याच्या एका दलालाकडे, जुन्या गाड्या घेतो तो. राजरत्नने आईलाही नेलं, त्याचा विचार असा की म्हातारी बरोबर असली की माणूस भाव पाडायला लाजतो. लाजतो कसला! त्याने इंजिन बघितलं नाही की चाकं बघितली नाहीत, सरळ आत बसला आणि तो सीटचा पट्टा असतो ना, तो ओढला, ओढला, ओढला, आपण कधी एवढा ओढत नाही हो, पार शेवटापर्यंत ओढला, तर शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चिखलाची तपकिरी रेघ. मग पायाखालचा गालिचा उचलून वास घेतला. मग कमलाबाईला हात जोडून म्हणतो कसा, "माताजी, आपकी गाडी तो तैर के आयी है."

खरंच होतं ते. तीन वर्षांमागे पावसात हिंदमाताच्या चौकात पाणी भरलं तेव्हा गाडी सीटपर्यंत बुडून उभी होती. तेव्हापासून चालायची छान, पण जरा पाणी उडालं की मधेच रुसून उभी राहायची. दलाल म्हणाला, एक लाख दहा, आत्ता पैसे, आत्ता कागद, नंतर फोन करून मी भांडणार नाही आणि तुम्हीही करायचा नाही. राजरत्नने बोटांवर हिशेब मांडला. एक दहात भिंती होतात, लाद्या होतात, दार होतं, भांडं काही बसत नाही. आता भांड्याशिवाय संडासात उभं राहून माणसाने करायचं काय?

प्रिती म्हणाली, दलालाला कशाला, बाहेर विकू, एक नव्वद कुठे गेले नाहीत. तिने मोबाईलवर जाहिरात टाकली, फोटो टाकले, वर लिहिलं, लेडी ड्रिव्हन. कोण लेडी? प्रितीने ती गाडी एकदाच दादरपर्यंत नेली होती आणि तिथून राजरत्नला फोन केला होता की येऊन घेऊन जा. पण लिहिलं. मग फोन सुरू. हॅलो नाही, नमस्कार नाही, थेट "लास्ट बोलो." एक जण ट्रायल म्हणून वरळीपर्यंत घेऊन गेला, वाटेत पोरीला क्लासला सोडली, परत येऊन किल्ली देत म्हणाला, "मजा नहीं आया."

आणि इकडे कमलाबाई. ती शिकली नाही हो शाळेत, पण एकदा बघितलेलं विसरत नाही. गाडी बुडाली होती हे कुठे कुठे दिसतं ते त्या दलालाने तिला फुकटात शिकवलं होतं. एका दुपारी ती बादली, साबणाचा चुरा आणि जुना दातांचा ब्रश घेऊन एकेक पायरी बसत बसत खाली उतरली आणि पट्टा पार शेवटापर्यंत ओढून असा घासला, असा घासला की कंपनीतून आल्यासारखा. गालिचा कठड्यावर वाळत टाकला. सीटखाली डांबरगोळ्या ठेवल्या, आरशाला मोगऱ्याचा गजरा बांधला. राजरत्न कामावरून आला तर गाडीचं दार उघडं आणि पट्ट्याला दोन चिमटे लावून तो बाहेर वाळत घातलेला. त्याने पट्ट्याकडे बघितलं, मग आईकडे. ती काही बोलली नाही, तो काही बोलला नाही. खोटं कुणी बोललं नाही हो, आम्ही आपले फक्त गप्प बसलो... म्हणजे ते बसले. कमलाबाई आणि ते.

मग आले प्रभादेवीचे कुशाबा. महानगरपालिकेत नळाच्या खात्यात होते, आता रिटायर. बरोबर बायको रमाबाई आणि मुलगी मनवा, शाळेत शिकवते. रमाबाईंना आठवड्यातून दोनदा परळच्या इस्पितळात रक्त शुद्ध करायला न्यावं लागतं, आणि प्रभादेवी ते परळ म्हटलं की टॅक्सीवाला मान हलवतो, जवळचं भाडं नको. ती बाई हातात फाईल घेऊन रस्त्यावर उभी. म्हणून गाडी.

मनवा हुशार. ती म्हणाली, बाबा, उद्या मेकॅनिक आणते, एकदा बघून घेऊ. आणि कुशाबांनी काय करावं? आमच्या भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो बघितला, बुद्धाची मूर्ती बघितली, जयभीम केला आणि लेकीवर डाफरले, "आपल्या माणसाच्या दारात मेकॅनिक आणतेस? अपमान करतेस त्यांचा?"

आणा हो मेकॅनिक, करा आमचा अपमान! कमलाबाईच्या ओठांपर्यंत आलं होतं. तेवढ्यात मोरीतली ती खडूची रेघ दिसली. खोटं कुणी बोललं नाही, आम्ही फक्त गप्प बसलो, आणि चहा दिला.

एक पंच्याऐंशीला ठरलं. गाडी पुढच्या रविवारी न्यायची. ते आठ दिवस विचारू नका. राजरत्न रोज ऑफिसला निघताना आधी आभाळाकडे बघायचा, मग आईकडे. प्रितीने ती जाहिरात काढून टाकली, कुणी विचारलं नव्हतं तरी. आणि कमलाबाई जेवायला बसली की डोळ्यांसमोर काय, तर भर पाण्यात बंद पडलेली पांढरी गाडी आणि आत फाईल मांडीवर घेऊन बसलेली रमाबाई, आणि पट्टा मात्र कसा स्वच्छ.

रविवार उजाडला. कुशाबा पांढरा सदरा घालून आले, पेढे आणले आणि म्हणाले, गाडी न्यायच्या आधी वंदना घेऊ. आपल्यात घेतातच, नवं घर असो, गाडी असो. स्टुलावर पांढरा कपडा, फोटो, मेणबत्ती, अगरबत्ती, आणि सगळे गाडीपुढे हात जोडून उभे. रमाबाईंना उभं राहवत नाही, त्या आधीच पुढच्या सीटवर जाऊन बसलेल्या. कुशाबा पुढे म्हणणार, बाकीच्यांनी मागून म्हणायचं. पंचशीलातलं पहिलं शील झालं, दुसरं झालं, तिसरं झालं, आणि चौथं आलं.

चौथं कुठलं ते माहीत आहे ना? खोटं न बोलण्याचं.

कुशाबांनी म्हटलं. मागे मनवा एकटीच बोलली. राजरत्नचा आवाज नाही, प्रितीचा नाही, कमलाबाईचा नाही. कुशाबांना वाटलं, विसरले असतील, त्यांनी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने, पोरांना शिकवतात तसं. शांतता. आता गॅलरीत एकोणीस दारं उघडी, वर सगळी चाळ वाकून बघतेय. तिसऱ्यांदा म्हटलं. बघा तुम्ही, आठ दिवस गप्प बसून जे लपवलं ते गप्प बसल्यानेच बाहेर आलं. मग मात्र कमलाबाई बोलली.

"कुशाबा, पट्टा मी धुतला."

कोणता पट्टा, काय पट्टा, कुणाला कळेना. मग सगळं सांगितलं, हिंदमाता, दलाल, ब्रश, डांबरगोळ्या. राजरत्न म्हणाला, काका, चूक माझी, ती म्हातारी आहे, मला कळत होतं. मनवा लाल झाली, म्हणाली, बाबा, चला, आई, उतर. कुशाबा मेणबत्तीकडे बघत राहिले. त्यांनी आम्हाला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, पण नाही दिल्या.

आणि रमाबाई उतरेनात. मनवाने दार उघडून धरलं तरी बसून राहिल्या. म्हणाल्या, "पाण्यात बंद पडते ना? कोरड्यात चालते ना? मग मला पुन्हा टॅक्सीवाल्यांपुढे हात करायला लावू नका. मी नाही उतरणार."

राजरत्न म्हणाला, मग दलालाने सांगितला तोच भाव द्या, एक दहा, एक पैसा जास्त नको. बाहेर विकायची म्हणून एवढा खटाटोप, जाहिरात, फोन, पाप, आणि भाव शेवटी दलालाचाच! वंदना पुन्हा पहिल्यापासून घेतली. चौथं शील कमलाबाई इतक्या मोठ्याने म्हणाली की समोरच्या चाळीत ऐकू गेलं.

जाताना कुशाबांना लागली संडासला. एकोणीस दारं ओलांडून गेले, येताना त्यांना कमलाबाई काठी आणि बादली घेऊन समोरून येताना दिसली. घरात आले, खडूच्या रेघा बघितल्या, राजरत्नला दोन प्रश्न विचारले. गाडीतलं पाण्याचं दुखणं त्यांनी पुढे एका मेकॅनिककडून काढून घेतलं, आणि पंधरा दिवसांनी त्याच पांढऱ्या गाडीतून पाइप, पाना आणि एक पांढरं भांडं घेऊन आमच्या दारात. नळकाम सगळं स्वतः केलं, मजुरी घेतली नाही. म्हणाले, तीस वर्षं मुंबईला पाणी दिलं, एका म्हातारीला देईन.

तर झाला हो संडास घरात. झालं भलं. आता सांगायला हरकत नाही, ती कमलाबाई म्हणजे मीच. परवा कुशाबांनी नळ सोडून दाखवला, टाकी ओढून दाखवली आणि हात पुसत म्हणाले, "कमलाबाई, आधीच सांगून ठेवतो. भिंत जुनी आहे, त्या कोपऱ्यातून थोडं झिरपणार. खालच्यांना सांगून ठेवा."

खाली राहते बेबी. बेबीने कालच विचारलं होतं, सगळं पक्कं झालं ना हो, वरून माझ्या डोक्यावर काही येणार नाही ना? आणि मी काय केलं? सवय हो... गप्प बसले.

रात्रभर गुडघ्यापेक्षा तेच दुखलं. म्हणून आज सकाळी घेतली काठी. चालायला नको म्हणून गाडी विकली, संडास बांधला, आणि आता जिना उतरून बेबीकडे चाललेय. शेजारीण दारातच होती. म्हणाली, काय कमलाबाई, निघालात?

म्हटलं, हो बाई. निघाले.