कोळगिरीच्या माळावरचा लाल दिवा

ऐका. जवळ सरका सगळी. शेकोटीत लाकूड घाल गं कुणीतरी. आपला ज्योतीराम चौगुले, मोटारसायकलवरून दूध घालतो तो, त्याच्यावर गुदरलेलं सांगतो.

सांजेचं दूध घालून तो घरी आला, तर सासरवाडीहून, पिंपळसोंडहून निरोप: मुलगी झाली! आई म्हणाली, "अंधार पडलाय, सकाळी जा, बाबा." ऐकतोय कुठला! गाडीला किक मारली, निघाला. आणि वाट कुठली धरली? कोळगिरीच्या माळाची. पुलावरनं लांब पडतं, ही जवळची म्हणून.

तिथं नवा हायवे आपल्या जुन्या वाटेला आडवा जातो ना, त्या चौकात सिग्नलचा खांब रोवलाय. नुसता खांब, बरं का! वायर ओढलेलीच नाही. आणि त्या रात्री तो पेटलेला. लाल!

ज्योतीराम नियमाचा माणूस. पोलीस असो नसो, लाल दिसला की पाय टेकणार. टेकला. थांबला. थांबला. दिवा काही बदलेना. वारा पडला. गाडी आपोआप बंद झाली. सगळ्या गवतावर तांबूस उजेड, माळावर कुणी कुंकू शिंपडल्यागत. कुठून तरी रातराणीचा वास. अहो, माळावर रातराणी कुठली! पापण्या जड झाल्या. गोड वाटायला लागलं. इतकं गोड, की आपण कशाला निघालो तेच त्याला आठवेना.

किण्! शेजारी घंटी वाजली. बघतो तर सायकलवर एक म्हातारा, एक पाय जमिनीला. त्याच्यामागं आणखी सायकली. मोटारसायकली. रांगच! एकाचंही इंजिन वाजत नाही. सगळे झोपेतल्यासारखे लाल दिव्याकडं बघतायत.

"कवापास्नं थांबलाय, आजोबा?"

"हुईल की हिरवा. बसा निवांत. कुठं निघालाय?"

"लेकीला बघायला," तोंडून निघालं आणि ज्योतीराम दचकला. लेक! माझी लेक!

म्हाताऱ्याचा चेहरा हलला. "मीबी लेकीकडंच निघालतो," म्हणाला.

तेवढ्यात दिवा हिरवा झाला. काय हिरवा! भाताच्या तरव्यातल्या कोवळ्या रोपांसारखा. पलीकडून बायकोचा आवाज आला, "अहो, या की! हिरवा झालाय!" किक मारली, गाडी लगेच सुरू. क्लच सोडणार, तर आडव्या रस्त्यावर नजर गेली. तिकडच्या डांबरावरही हिरवाच उजेड! एका बाजूला हिरवा तर दुसरीला लाल पाहिजे ना? त्यानं करकचून ब्रेक दाबला. आणि ट्रक! दिवे नाहीत, हॉर्न नाही, नाकासमोरून गेला!

परत लाल. परत तो वास, परत ती झोप. म्हातारा कानाशी वाकला. श्वास विहिरीतल्यासारखा गार.

"लाल तोडू नगं. त्या हिरव्याला भुलू नगं. खाली उतर, गाडी ढकलत न्हे. सिग्नल असतोय त्यो गाडीवर बसल्याल्या माणसाला. उतरला त्यो पायी माणूस. आमी उतरलोच न्हाई रं."

ज्योतीराम उतरला. दोन्हीकडं बघितलं, कान दिला आणि ढकलायला लागला. गाडी ही जड! मागनं सगळी रांग विनवतेय, "बसा की, पावणं! बसा की!" गार हात कॅरिअरला लागले. आणि पुढनं इवलासा आवाज आला, "बाबा, गाडीवर बसा ना!"

अहो, आज जन्मलेली पोर बोलेल कशी? तिथं त्याची झोप उडाली. दात आवळले, ढकलत राहिला. हायवे ओलांडला आणि गाडी पिसासारखी हलकी झाली. मागं वळून बघतो तर काळा खांब. नुसता खांब.

पिंपळसोंडला पोचला तो अंगात ताप घेऊनच. सासूनं लेक मांडीवर दिली, तेव्हा कुठं त्याला रडू फुटलं.

पोर आता चालते. पण ज्योतीराम माळाकडं गाडी वळवत नाही. विचारलं तर म्हणतो, "माणसं थांबल्यात तिथं अजून."

म्हणून सांगतो, लांब पडलं तरी चालेल, पुलावरनं जा. त्या वाटेला रात्री जायचं नाही. कध्धी नाही!