चार नंबरच्या विहिरीची वही

काका : अठरा तास म्हणजे अठरा तास. त्यात विचारण्यासारखं काय आहे, ताई?

ताई : तुमच्या वह्यांत नऊ वर्षं हेच, काका? पंप रोज अठरा तास? दिवसभर वीज गेली होती त्या दिवशीसुद्धा?

काका : माझ्या आधीचा पंपचालक अठराच लिहायचा. वरच्यांनाही तेवढंच पटायचं. लोकांच्या नळाला पाणी येत होतं ना, मग झालं.

काकू : मी म्हणत होते, कधीतरी कुणीतरी वही उघडेल. चहा घ्या हो ताई, निवतोय.

ताई : मी जाब विचारायला नाही आले, काकू. शहराच्या आणि कारखान्याच्या विहिरींतून आजवर दरवर्षी किती पाणी उपसलं, ते पालिकेनं मला जमवायला सांगितलंय. तीनशे वह्या चाळल्या. सगळीकडे ठोकळ आकडे. फक्त ही निराळी. चार नंबरची विहीर, अकरा महिने. बघा, साडेसोळा तास. पंधरा तास चाळीस मिनिटं. आणि समासात पाण्याची पातळी, हातांत मोजलेली.

काका : असेल. तेव्हा अंगात जोम होता.

ताई : हे अक्षर तुमचं नाही.

काका : अक्षर काय, बदलतं माणसाचं.

ताई : आणि अकरा महिन्यांनी परत पहिल्यासारखं होतं?

काका : तुम्ही वह्या तपासता की माणसं?

ताई : ऐका ना. कारखान्याला आणखी तीन विहिरी खणायच्यात. परवा सुनावणी आहे. ते म्हणतात, आमच्या उपशाचा शहराच्या पाण्याशी काही संबंध नाही. आणि या वहीत दर मंगळवारी पाणी दोन हात वर आलेलं दिसतं.

काकू : मंगळवारी कारखान्याला सुट्टी असायची. भोंगा वाजायचा नाही.

काका : अगं, तू आत जा बघू.

ताई : परवा त्यांचा वकील आधी अक्षरावरच बोट ठेवेल. लिहिणाऱ्यानं सही करून सांगितलं नाही, तर ही वही रद्दीत गेली. आणि त्या तीन विहिरी झाल्या, की खालच्या वस्तीच्या नळांना दोन वर्षांत नुसती हवा येईल.

काकू : तरी राहू द्या, ताई. ह्यांना या वयात त्रास नको.

काका : लोक हसतील. बायको पंपावर आणि हा बाप्या फाटकाशी बसलेला.

ताई : फाटकाशी का बसायचात?

(काका वही मिटून बाजूला ठेवतात.)

काका : माझा जोडीदार शॉक लागून पंपाच्या स्टार्टरला चिकटला. माझ्यादेखत. मी लाकूड शोधेपर्यंत सगळं संपलं होतं. दुसऱ्या दिवसापासून खटक्याकडे हात जाईनाच.

काकू : म्हटलं, ह्यांचा धीर परत येईपर्यंत मी दाबते. पदरात दोन मुलं. नोकरी गेली असती तर काय केलं असतं?

ताई : पण पातळी कशाला मोजायचात? ती कुणी मागितलीच नव्हती.

काकू : पाणी खाली जाऊन पंप कोरडा फिरला, जळला, तर चौकशी होणार आणि आमचं बिंग फुटणार. म्हणून दोरीला नट बांधून सोडायचे, हाताहातावर गाठ. आणि वहीत खोटं लिहायला मला जमेना. ह्यांच्यासारखा सराव नव्हता.

काका : घ्या. काढा आमची लाज पाहुण्यांसमोर.

काकू : इतकी वर्षं झाकलीच की.

ताई : मग असं लिहू? ‘पंपचालक आजारी असल्यामुळे नोंदी पत्नीनं घेतल्या.’ आजारी म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही.

काका : आजारी नव्हतो. घाबरलो होतो. तसंच लिहा.

काकू : अहो, एवढं कशाला?

काका : तुझे आकडे खरे, मग माझं कारण खोटं कशाला? लिहा, ताई. आणि पहिली सही हिची घ्या.

ताई : लिहिलं. काकू, इथे.

काका : अगं, एक विचारायचं राहिलंच होतं. तुला कधी भीती नाही वाटली, त्या खटक्याची?

काकू : वाटायची की. रोज पहाटे पाचला. पण सहाला पाणी सोडायचं असायचं ना.