पाच फुटांचा ओढा

आमच्या कोळवणच्या ओढ्यावर ज्याने फार्महाऊससाठी बांध घातला, त्याने ओढ्याचा जीवच घेतला. लहानपणी पावसाळ्यात मासे त्या ओढ्यातून चढून आमच्या भातखाचरात यायचे. आता येत नाहीत. उरलेल्या डबक्यातले नऊ मासे मी पिरंगुटला भाड्याच्या खोलीवर आणले, पाच फुटी काचेच्या टाकीत सोडले. पंप मधोमध होता, त्यामुळे पाणी जागीच घुसळायचं आणि मासे कोपऱ्यात मलूल पडून राहायचे.

परवा पंप एका टोकाला लावला, मधले दगड काढले. पाणी सरळ वाहायला लागलं तसे नऊच्या नऊ मासे धारेकडे तोंड करून पोहू लागले.

मी घरमालकीणबाईंना बोलावलं. "काकू, बघा, ओढाच आणला घरी."

त्यांनी काचेशी वाकून बघितलं.

"चढायला लागलेत रं," त्या म्हणाल्या. "पर हितनं जायचं कुटं त्यांनी?"