पाहुण्यांना मत नाही

मतदार नोंदणीच्या खिडकीपाशी सासू-सून उभ्या होत्या. रांगेत मागे उभा असलेला शिंपी कीर्तनाला बसल्यासारखा मान डोलवत ऐकत होता.

“आजी, इथंच राहता ना कायमच्या?” कारकुनाने विचारलं.

“छे हो! पाहुणी आहे मी. जाईन चार दिवसांनी. बॅगसुद्धा रिकामी केलेली नाही.”

“मग इथलं मत नाही मिळायचं. जिथं घर, तिथं मत.”

“साहेब, या पाहुणीबाई मला सात वर्षं स्वयंपाकघरात फिरकू देत नाहीत!”

“तू गप गं. मीठ विसरतेस.”

“बरं आजी, मग जाताय परत?”

“आणि इथल्या त्या खड्डेवाल्या आमदाराला पाडायचं कुणी?”

“मग सांगा ना, आई. घर कुठलं?”

“...लिहा बाबा, इथलंच. आणि सूनबाई, माझ्या साड्यांना कपाटात एक कप्पा रिकामा कर.”

“तो तुम्ही आलात तेव्हापासून रिकामाच आहे, आई.”