दोन टायर, एक माणूस

…आणि वर तो टायरवाला मलाच विचारतो, "काका, ट्रेलरवर वजन साधारण किती नेणार?" अहो, मला ठाऊक असतं तर तुमच्या दुकानात कशाला आलो असतो? तुम्हाला सांगतो, छत्तीस वर्षं मी पाण्याचे मीटर वाचले. लोकांच्या घरात शिरून, जिन्याखाली वाकून, कोळिष्टकं डोक्यावर घेऊन आकडे टिपले. पण एका टायरवर जेवढे आकडे असतात ना, ते बघून मला घेरी आली! रुंदी, उंची, भार, हवा… आता यातला आपला आकडा कुठला, हे विचारायचं कुणाला?

बरं, झालं काय, मुलीचा फोन आला. "बाबा, महिनाअखेरीला आम्ही घर बदलतोय. तुमचा तो ट्रेलर आहे का अजून?" आहे का अजून! जणू काही लांबचा आजारी नातेवाईकच! आहे, म्हटलं. गाडीच्या मागे जोडायचा, दोन चाकांचा, लोखंडी सांगाड्याचा. अहो, एके काळी अख्ख्या गल्लीचे संसार त्याच्यावरून हलले! कुणाचं कपाट, कुणाची गादी, कुणाच्या बागेतली माती. सुट्टीच्या दिवशी सकाळी सकाळी बेल वाजायची, "काका, तासभर ट्रेलर मिळेल?" आणि आतून बायको, "ट्रेलरच देताय ना? की सोबत स्वतःही चाललात?" जायचोच मी सोबत. कपाटाचं एक टोक कोण धरणार?

ती गेली, त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून ट्रेलर मागायला कुणी फिरकलं नाही. लोकांना वाटत असेल, दुःखातल्या माणसाकडे ट्रेलर कसा मागायचा? अहो, मागा की! दुःखाला काय ट्रेलर लागतो?

तर मी तो छपराखालून बाहेर ओढला. टायर वरून ठणठणीत, नक्षी कालच कोरल्यासारखी. पण बाजूनं बघतो तर भेगाच भेगा… माझ्या टाचा बऱ्या! गाडीमागे जोडून हळूहळू दुकानात नेला. टायरवाल्यानं गुडघ्यावर बसून कडेच्या चार आकड्यांवरची धूळ पुसली. "हे बघा काका, पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. अकरा वर्षं झाली यांना. ट्रेलरचे टायर धावून नाही मरत, उभे राहून मरतात."

म्हटलं, "टायरकडे बघून बोला. माझ्याकडे कशाला बघता?"

मग निवड! मी म्हटलं, गाडीचे जुने दोन पडलेत, तेच लावा. तर हा असा दचकला, जणू मी त्याच्या मुलीला मागणी घातली! "गाडीचे? ट्रेलरला? काका, त्यांच्या कडा मऊ असतात. वजन भरलं, वळण आलं, की ट्रेलर मागे शेपटी हलवतो!" ट्रेलरचे वेगळे, जाड कडांचे. त्यातही रेडियल की साधे? एकच बदलायचा की दोन्ही? मी मेहुण्याला फोन लावला. मेहुण्याला सगळ्यातलं सगळं कळतं, फक्त फोन कधी ठेवायचा ते कळत नाही. "भाऊजी, रेडियलच घ्या! माझ्या साहेबांच्या भाच्याकडे…" पुढची चाळीस मिनिटं तो भाचा. टायरचं राहिलंच. मग विचारायचं कुणाला?

मी चार दिवस त्या दुकानात जात होतो. दुसऱ्या दिवशी त्यानं मला स्टूल दिलं. तिसऱ्या दिवशी मी न विचारता बसलो. खरं सांगू? पहिल्याच दिवशी ठरलं होतं, रेडियल, जोडीनं. पण ठरलं म्हणून सांगितलं, की संपलं ना बोलणं!

शेवटी पाचव्या दिवशी घेतले. म्हटलं, चाकं मी घरी काढून आणतो, दर वेळी मीच काढतो. आता गंमत ऐका. ट्रेलर जॅकवर चढवला की दोन चाकांवरचं ते धूड झोके घेतं. म्हणून आमची पद्धत अशी, की ही पुढच्या दांड्यावर बसायची. वजन म्हणून! मांडीवर शब्दकोडं. मी खाली नटांशी झोंबतोय आणि वरून, "अहो, तीन अक्षरी, ओझं वाहणारा?" मी ओरडायचो, "नवरा!" मग ती हसायची, आणि ती हसली की ट्रेलर हलायचा, आणि ट्रेलर हलला की मी घाबरायचो!

या वेळी मी दांड्यावर वाळूची पोती ठेवली, दोन. पोतं काही बोलत नाही. पहिला नट सुटतोय तोवर एक घसरलं, ट्रेलर कलला, जॅक निसटला, मी मागे उडी मारली… या वयात, उडी! नडगी सोलवटली.

मग टायरवाल्याला फोन केला. तो म्हणतो, "काका, गाडीला जोडूनच ठेवायचा ना! म्हणजे हलत नाही."

एवढंच? तीस वर्षं मला हे सुचलं नाही? आणि तिला? अहो, मिक्सर उघडून दुरुस्त करणारी बाई ती! तिला नक्की ठाऊक असणार. तरी बसायची. का बसायची… आता हे विचारायचं कुणाला?

असो. जोडला गाडीला, काढली चाकं, रिक्षात घालून दुकानात नेली, बसले टायर. टायरवाला म्हणाला, "ऐंशी किलोमीटर चालवा आणि नट पुन्हा आवळा. विसरू नका हं." घरी येतोय तर फोन. "बाबा, आम्ही ट्रक ठरवलाय. माणसं येऊन सगळं बांधून नेतात. तुम्ही नका दगदग करू." म्हटलं, "बरं केलंस." दुसरं काय म्हणणार?

तीन आठवडे ट्रेलर अंगणात, नवे टायर घालून. आणि ऐंशी किलोमीटर बाकी! रिकामा ट्रेलर घेऊन माणसानं जायचं कुठे? नकाशा काढला. मुलीचं नवं घर… ब्याऐंशी!

गेलो. दार उघडून ती बघतच राहिली. "बाबा? काय झालं? आणि मागे रिकामा ट्रेलर?"

"काही नाही. नट आवळायला आलोय."

ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. चपला घालून खाली आली, मी आवळत होतो तितका वेळ शेजारी उभी राहिली. नंतर दोन वेळा वाढून जेवायला घातलं. आणि निघताना म्हणाली, "बाबा, आलाच आहात तर… नव्या घरात जागाच नाही हो. ती व्यायामाची सायकल तुमच्याकडे ठेवाल?"

सामान पोचवायला निघालेला माणूस, सामान घेऊन परत! आता ती सायकल माझ्या बैठकीत आहे. संध्याकाळी बसतो तिच्यावर, वीस मिनिटं पाय मारतो. कुठेच जात नाही ती… पण एक बरं आहे, तिला टायर नाहीत!