कपाळ कुठलं, तोंड कुठलं

भांडुप स्टेशनबाहेरच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात निधी तासभर ताटकळत बसली होती. तिच्या फोनला टाका मारायचा होता आणि दुकानदार सुयोगचं सोल्डरिंग मशीन नेमकं बंद होतं. तेवढ्यात वनमालाकाकूंनी आपला फोन काउंटरवर आदळला.

"चार्जर बदलला, वायर बदलली, तरी हा मेला चार्ज होत नाय. फराळाच्या सगळ्या ऑर्डरी ह्याच्यात आहेत रे!"

सुयोगने फोन उलटा करून पाहिला. "काकू, चार्जिंगच्या भोकात हे लाल काय?"

"कुंकू. दसऱ्याला पूजा केली ना."

"फोनची?"

"ज्याच्यावर पोट चालतं, त्याची पूजा करायची नाय?"

"आणि हा तांदळाचा दाणा?"

"अक्षता."

"अहो, मग वरून टाका ना! आत कशाला कोंबलंत?"

"त्याचं कपाळ कुठलं ते मला काय ठाऊक! तोंड दिसलं, तिथे लावलं."

सुयोगने पिनेने दाणा उपसला, ब्रश फिरवला, वायर लावली. फोन उजळला.

"झालं. पुढच्या वर्षी लांबूनच नमस्कार करा. मशीन आहे ते, देव नाय."

काकूंनी सोल्डरिंग मशीनकडे बोट दाखवलं. "मग तुझ्या त्या मशीनला झेंडूचा हार कशाला रे?"

निधीही उठून काउंटरपाशी आली.

"हे कधीपासून बंद आहे म्हणालास?"

सुयोग काकूंचा फोन पुसतच राहिला.

"दसऱ्यापासून."