विजयनगरचं शेवटचं गाणं

केराबाई : पाच चादरी हुत्या घरात. पाचीच्या पाची भिंतीला ठोकल्यास. आता मी काय पांघरू, तुझं विजयनगर?

जोतिराम : आये, मोकळ्या भिंतीला आवाज घुमतो. रेकॉर्डिंग खराब होतं. आणि मे महिन्यात चादर लागतीय कशाला तुला?

केराबाई : लागत न्हाय म्हणून खिळं मारायचं व्हय रं? माझ्या लग्नातली मोराची चादर ती. नेमका डोळ्यातच मारलास खिळा.

बिरप्पा : मारू दे गं. मोर काय वरडणार हाय? वरडतंय ते आपलंच. मघाशी मला वाटलं, पोराला इंचू चावला.

जोतिराम : आप्पा, पॉवर मेटल म्हणजे रॉकमधलंच, ते असंच असतं. खाली गिटारी पळतात घोड्यागत, आणि वर उंच आवाज.

बिरप्पा : मी कुटं नावं ठेवतोय? उंच हाय, पर फाटत न्हाय. मेंढरं घिऊन मंद्रूपच्या माळावर बसायचो, तवा ओवी म्हणताना माझा बी तितंच लागायचा. कुणी शिकवलं तुला?

जोतिराम : कोण शिकवणार? तुमच्या पाठीमागं झील धरून धरून लागला.

केराबाई : घ्या! आता बापाला बी घाल तुझ्या बँडमदी.

जोतिराम : घातलंय की. विजयनगरच्या अल्बमची आठ गाणी झाली. नदीकाठी नगर वसलं, दगडाचं देऊळ उठलं, घोड्यांचा बाजार भरला, सगळं झालं. नववं तेवढं राहिलंय, राज्य पडतं ते. त्यात ढोल आहे. आपला ढोल. आमचा ड्रमवाला शरणबसव संध्याकाळी येतोय त्याच्यासाठी. उद्या तो पुण्याला नोकरीवर हजर होणार, मग पुन्हा कधी जमायचं सांगता येत नाही.

केराबाई : आज कसं हुईल? कातडं उतरलंय ढोलाचं. हवा लई दमट हाय.

बिरप्पा : व्हय व्हय. दमटच हाय.

जोतिराम : बेचाळीस डिग्री आहे, आप्पा.

बिरप्पा : दमट बेचाळीस.

जोतिराम : ...हां. असेल. मागच्या रविवारी दोर ढिला होता, आज दमट. मग शरणबसवला जरा वाजवून बघू देऊ का? ड्रम त्याचे, हात बसलाय त्याचा.

केराबाई : आरं, यडा हायस का? आपल्या घरात ज्याचा ढोल, त्यानं सोता दुसऱ्याच्या कपाळाला भंडारा लावायचा आसतो. त्याबिगर टिपरू मारायचं न्हाय कुणी. तुझ्या आज्ज्यानं ह्यांला लावला, तवा ह्यांनी हात लावला ढोलाला.

जोतिराम : ठाऊक आहे गं. म्हणून तर शरणबसव म्हणत होता, कॉम्प्युटरमधून काढू ढोलाचा आवाज. मी नको म्हणालो.

बिरप्पा : कॉम्प्युटरमधनं? त्यो काय वाजवतोय! त्याला म्हणावं, दिवाळीपातूर थांब. मला झटका येऊन दोनच वर्सं झाली की. तेल चालूच हाय. काल तर बोटं हलली उजव्या हाताची. केरे, हलली का न्हाय?

केराबाई : हलली की.

जोतिराम : मी पण बघितलं.

बिरप्पा : मग? तवर तू गाणं सांग. कसं पडतं तुझं राज्य?

जोतिराम : तिकडं कृष्णेकडं, तालिकोटची लढाई म्हणतात ती. रामराया म्हातारा झालेला, तरी स्वतः गेला लढायला. हरला. मुंडकंच गेलं. त्याचा भाऊ माघारी आला, हत्तींवर खजिना लादला, गादीवरच्या राजाला घेतलं आणि निघून गेला.

केराबाई : आन् माणसं?

जोतिराम : माणसं तिथंच. माझं गाणं तिथनं सुरू होतं. बाजार चालू आहे, फुलं विकायला बसलेत. बायका ओवाळायचं ताट घेऊन दारात उभ्या आहेत, फौज जिंकून येणार म्हणून.

बिरप्पा : कुणी सांगितलंच न्हाय त्यांला?

जोतिराम : माझ्या गाण्यात तरी नाही सांगत. पळून आलेल्यांना माहीत असतं सगळं. पण ते ताट बघितल्यावर त्यांना बोलवत नाही.

केराबाई : कसं बोलवंल? आरती घिऊन उभ्या बाईला कोण सांगंल?

बिरप्पा : आगं, पर सांगायचं की! दोन घटका रडल्या आसत्या, मग लेकरं काखंला मारून निघाल्या आसत्या. ह्यांनी मायेपायी त्वांड मिटलं, आन् आख्खं शहर दारात उभं ठिवलं. ही कसली माया?

(बिरप्पा डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर घेतो.)

बिरप्पा : केरे.

केराबाई : आं?

बिरप्पा : काल बोटं हलली व्हय?

केराबाई : तेल चोळत हुते न्हवं का मी. माझ्याच हातानं हलली.

बिरप्पा : ठावं हाय मला. हाताला कळत न्हाय, डोळ्याला दिसतंय की.

जोतिराम : आप्पा, मी थांबतो दिवाळीपर्यंत. अल्बमला कुठं घाई आहे?

बिरप्पा : त्यो पोरगा उद्या चाललाय आन् घाई न्हाय? देवाम्होरचा भंडारा काढून ठिव गं. डाव्या हातानं लावीन. बिरोबा काय तेवढ्यावरनं रुसत न्हाय.

केराबाई : रुसला तर मी बघते त्याच्याकडं.

जोतिराम : पण शरणबसवला आपली चाल कुठं येते?

बिरप्पा : तोंडानं सांगतो की मी. त्वांड शाबूत हाय. तुझ्या आयेला इचार.

केराबाई : त्येचं काय इचारायचं! गल्लीला ठावं हाय.

बिरप्पा : लाव फोन. म्हणावं, आताच ये.

जोतिराम : लावतो. पण तो विचारेल, आप्पा का नाही वाजवत म्हणून. मी काय सांगू त्याला?

बिरप्पा : सांग, बिरप्पाचा हात गेला. आता यायचा न्हाय.